कॉर्नेटवाल्याची ओळ

अण्णा, आज शुक्रवार आहे, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस. जेवणं झाली आहेत, तुमचे जावई आत पेंगतायत, लेक तिच्या खोलीत कानात काहीतरी घालून बसली आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे घर, हा देश, माझी नोकरी, यातलं काहीच तुम्ही पाहिलेलं नाही. म्हणून आधी पत्ता सांगते. आम्ही कतारमध्ये असतो, दोहा शहराच्या दक्षिणेला, अल थुमामा नावाच्या भागात. आमच्या गच्चीवरून फुटबॉलचं एक नवं स्टेडियम दिसतं, इथले पुरुष डोक्याला घालतात त्या विणलेल्या गोल टोपीसारखं हुबेहूब. परवापासून वर्ल्ड कप सुरू होतोय. मी इथे आल्यापासून सगळा देश याच एका कार्याच्या तयारीला लागलेला होता, लग्नघर असावं तसा. आता मांडव सजलाय आणि पाहुणे यायला लागलेत. खालच्या रस्त्यावर सकाळपासून कुठल्याशा देशाची पोरं ढोल बडवत फिरतायत. ताल असा की तुम्ही असतात तर खिडकीतून ओरडला असतात, "अरं, आधी मोज, मग वाजव!"

हे वाक्य मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं ते आपल्या स्वयंपाकघरात. ओट्यावर एका कपात तुमच्या क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पत्ती भिजत पडलेली असायची आणि त्या कपाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आई एकीकडे भाकरी थापतेय, तुम्ही चुलीजवळ पाटावर बसून क्लॅरिनेटच्या चाव्यांना तेल देताय आणि मी ताटावर उलथनं आपटत तुमच्या बँडमधला ढोलवाला झाले आहे. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "पोरी, आधी मोज, मग वाजव. वाजवून मोजायचं नसतं." मला राग आला होता. मुलींना कुठे बँडमध्ये घेतात, मग मोजून करायचं काय, असं मी फणकाऱ्याने विचारलं. तुम्ही चाव्यांना तेल देत राहिलात. पण पुढे एकदा वरातीच्या बत्त्यांपैकी निम्म्याच पेटेनात, तेव्हा अंगणात बसून वायरीत नेमकं कुठे तुटलंय ते मी शोधून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी मिरजेहून येताना तुम्ही क्लॅरिनेटच्या पत्त्यांच्या डबीबरोबर एक टेस्टर आणलात, लाल मुठीचा, खिशाला अडकवायचा. "आता बत्त्यांची मास्तर तू," म्हणालात. तो अजून माझ्या पर्समध्ये असतो. दुखानला, म्हणजे इथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तेलाच्या गावात, मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची कामं बघते. हाताखाली भारी भारी मीटर आहेत, पण ऑफिसातला प्लग चालतो का हे मी आधी तुमच्या टेस्टरनेच बघते आणि लोक हसतात.

तर आज लिहायला बसले ते एका बँडबद्दल. आपल्या नाही, इंडोनेशियाच्या. तुम्ही म्हणाल, इंडोनेशिया कुठे आणि आपण कुठे! थांबा जरा, सांगते.

माझ्या ऑफिसात जावा बेटावरचा एक माणूस होता, माझ्याहून थोडा मोठा. त्यांच्याकडे वडील माणसाला भावाचं नातं लावून हाक मारतात, हे कळल्यावर मी त्याला आपला मराठी ‘भाऊ’ म्हणायला लागले, आणि मग सगळं ऑफिसच त्याला भाऊ म्हणायला लागलं. तो मला ‘बू’ म्हणायचा, म्हणजे बाई. दोहा ते दुखान जायला तासभर लागतो. आम्ही तिघं एका गाडीतून जायचो. भाऊ गाडी चालवायचा, मी शेजारी, आणि मागे अकाउंट्समधला एक मल्याळी, जो दार लावताक्षणी झोपायचा आणि गेटपाशी उठायचा. वर्ल्ड कपच्या नावाखाली रस्ते असे खणून ठेवले होते की काल होता तो वळसा आज नसायचा. तासाचा दीड तास व्हायचा. आम्ही आपले बोलत बसायचो, इंग्रजीत, दोघांचंही मोडकंतोडकं. भाऊ मोजकं बोलायचा, पण त्याची बोटं स्टिअरिंगवर सारखी चालू असायची. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हा माणूस नुसती बोटं आपटत नाही. हा आधी मोजतोय.

तो कोण हे मला कँटीनमध्ये कळलं. तिथे कामाला आलेल्या दोन इंडोनेशियन पोरी त्याला बघून एकमेकींच्या दंडाला चिमटे काढायला लागल्या. त्यांनीच सांगितलं. त्या शाळेत होत्या तेव्हा त्यांच्या देशात पोराटोरांच्या तोंडी एकच गाणं होतं, आणि ते ज्या चौघांच्या बँडचं होतं त्यातला ड्रम वाजवणारा म्हणजे हा आमचा भाऊ. दुसऱ्या दिवशी गाडीत मी विचारलं तेव्हा तो नुसता "हं" म्हणाला. वाटेवरच्या शहानिया गावाचं उंटांच्या शर्यतीचं मैदान मागे गेल्यावर आपणहून सांगायला लागला, आणि मग ते सांगणं दोन हिवाळे पुरलं.

कॉलेजातले चार मित्र. मोटारसायकली दुरुस्त करायच्या गॅरेजमागे एक पत्र्याची खोली होती, तिथे त्यांची तालीम. गिटार वाजवणारा गाणी लिहायचा, एक बेस गिटार वाजवायचा, एक गायचा आणि भाऊ मागे ड्रमवर. पहिली कॅसेट त्यांनी स्वतः बस स्टँडवर उभं राहून विकली. दुसऱ्या कॅसेटमधलं ते गाणं गाजलं. त्याचा अर्थ ऐकून मी खुदकन हसले. एका मुलाचं एका मुलीवर प्रेम आहे, तिला भेटायची हिंमत नाही, तो रोज तिच्या घरावरून जातो आणि दारात तिची चप्पल आहे का एवढंच बघतो. चप्पल दिसली की त्याचा दिवस चांगला गेला. बस, इतकंच गाणं. आपल्यासारखीच त्यांच्याकडेही पायताणं दाराबाहेर काढतात. मधे गिटारचा एक लांब तुकडा आहे, शब्द नसलेला. तो वाजला की मैदानातली माणसं हात वर करून डोलायची म्हणे. टीव्ही झाला, मोठमोठी शहरं झाली, पोरी हॉटेलखाली रांगा लावायला लागल्या. भाऊच्या बायकोने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका रांगेतून, आणि तिचा डोळा खरं तर गायकावर होता. हे सांगताना भाऊ पहिल्यांदा मोठ्याने हसला.

मग वारं फिरलं. नवी पोरं आली, कॅसेटी गेल्या, लोक फोनवर गाणी ऐकायला लागले. मैदानं बंद झाली. कंपन्यांच्या पार्ट्या, दुकानांची उद्घाटनं, असं करत करत गाडी खाली आली. "शेवटी शेवटी तर, बू," तो अगदी पडेल आवाजात म्हणाला, "आम्ही लग्नात वाजवायचो. लोक जेवत असायचे आणि आम्ही वाजवायचो."

अण्णा, मला इतकं हसू आलं! मी म्हटलं, "भाऊ, माझे वडील जन्मभर तेच करत होते." त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, असं पाहिलं की मागच्या ट्रकने हॉर्न मारला. मग मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. लाल कोट, खांद्यावरची सोनेरी झालर, पुढे तुम्ही, मागे दोन ओळी, डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्या बायका, शेवटी जनरेटरची हातगाडी. मांडवात सगळ्यांच्या पंगती उठल्यावर आपल्या माणसांना मागच्या बाजूला बसवायचे, तेही सांगितलं. त्यांच्या घसरणीचं जे शेवटचं टोक, ती आपली मिळकत होती. भाऊने फक्त एवढंच विचारलं, की लोक जेवत असताना वाजवायला वाईट नाही वाटायचं? मी म्हटलं, आमचे अण्णा म्हणायचे, "माणसं पोटभर जेवत्यात म्हंजी कार्य नीट चाललंय." 

त्यांचा घात झाला तो डोंगरातल्या एका गावाहून परतताना. कार्यक्रम संपला की गिटार आणि बेस खोक्यात घालून लगेच निघता येतं, पण ड्रम उतरवून बांधायला वेळ लागतो. ढोलवाल्याचं असंच, सगळ्यात आधी पोचायचं आणि सगळ्यात शेवटी निघायचं. म्हणून गाड्या दोन असायच्या. पुढच्या गाडीतून गिटारवाला आणि बेसवाला निघाले. गायक लोकांना सह्या देत रेंगाळला आणि भाऊबरोबर मागच्या गाडीत बसला. वाटेत दरड कोसळली ती पुढच्या गाडीवर. हे पोचले तेव्हा रस्ताच नव्हता. भाऊने हे एका दमात सांगितलं आणि गाडीतला रेडिओ लावला. त्यानंतर त्याने ड्रमला हात लावला नव्हता. कधीकाळी केलेला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा कामाला आला, मेहुणा इकडे होता, तो इकडे आला. गायक तिकडे एकटा गात राहिला, पण बँडचं नाव त्याने पुन्हा लावलं नाही.

आणि मग गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला गायकाचा फोन आला. त्यांच्या गावच्या मैदानावर मोठा कार्यक्रम ठरत होता, आणि बँडच्या नावानेच व्हावा अशी गेलेल्या दोघांच्या आयांची इच्छा होती. गायक भाऊला म्हणाला, तू आलास तर नाव लावीन, नाहीतर ते नाव इथेच संपलं असं समजेन. भाऊला उत्तर द्यायचं होतं आणि त्याच्याने देववत नव्हतं. तो वाळला. गाडीत स्टिअरिंगवरची बोटंसुद्धा थांबली. एकदा मीच विचारलं, अडतंय कुठे? तो म्हणाला, "बू, गिटारच्या जागी कुणीतरी चुणचुणीत पोरगा उभा राहील. मधला तो तुकडा तो एकही सूर न चुकता वाजवेल. लोक टाळ्या वाजवतील. मी मागे बसून हे बघायचं? आणि नाही गेलो, तर त्यांचं नाव मीच पुसलं असं होईल."

तेव्हा मला तुमच्या बँडमधले कॉर्नेटवाले काका आठवले, ट्रंपेटचं ते आखूड भावंड वाजवणारे. ऐन लग्नसराईत ते दोन दिवसांच्या तापाने गेले. सकाळी त्यांना पोचवून आलात आणि संध्याकाळी शेजारच्या गावात वरात होती. शब्द दिलेला होता. सगळे आपल्या अंगणात कोट घालून उभे आहेत, कुणी कुणाकडे बघत नाहीये, आणि ओळ लावताना ट्रंपेटवाला सवयीने मोकळ्या जागेत सरकतोय. तुम्ही त्याच्या छातीला हात लावून त्याला मागे केलंत. "त्येची जागा मोकळी ठिवायची. कुनी सरकायचं न्हाई. आन त्येची ओळ आली की कुनी वाजवायची न्हाई. ढोल तेवढा चालू ऱ्हाऊ दे." मी त्या दिवशी बत्त्यांच्या वायरीबरोबर वरातीत आले होते, म्हणून मला सगळं दिसलं. गाणं रंगात यायचं आणि कडव्याआधीचा कॉर्नेटचा तुकडा आला की सगळी वाद्यं गप्प. नुसता ढोल. मग कडवं पुन्हा जोरात. नवऱ्यामुलाचा मामा तणतणत आला. "अहो मास्तर, मधेच बंद काय पडताय? वरात आहे ही!"

"कॉर्नेटवाल्याची ओळ हाय ती, साहेब. त्यो न्हाई आज."

"आज नाही, मग उद्या येणार का?"

"उद्याबी न्हाई."

मामा तुमच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग घोड्याकडे परत गेला. पुढे त्या मोसमातली उरलेली सगळी लग्नं तुम्ही तशीच वाजवलीत. पावसाळ्यात नवा कॉर्नेटवाला घेतलात आणि पुढच्या मोसमात तो तीच ओळ मोकळेपणाने वाजवू लागला. काकांच्या घरचे त्या नव्या मोसमातल्या पहिल्या लग्नाला रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते. काकू रडत होत्या, पण चेहरा हलका झाला होता. ते मी कधीच विसरले नाही.

हे सगळं मी भाऊला सांगितलं. सुरुवात अशी केली, "आमच्याकडे अशी पद्धत आहे." का तशी केली ते शेवटी सांगते. ऐकता ऐकता भाऊचा वळसा चुकला आणि आम्ही उंटांच्या मैदानाच्या कुंपणाशी जाऊन थांबलो. मागचा मल्याळी दचकून उठला. "ऑफिस आ गया?" मी म्हटलं, "नहीं, ऊँट आ गया." तो पुन्हा झोपला. भाऊ मात्र गाडी वळवेना. समोर उंटांची एक रांग चालली होती. "ढोल कोण वाजवायचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, होते एक ढोलवाले काका, अजून आहेत. "त्या मोकळ्या जागेत तो काय करायचा?" मी म्हटलं, काही नाही, नुसता ठेका धरून मोजत राहायचे. भाऊने मान हलवली आणि गाडी वळवली. पण गायकाला काही कळवलं नाही.

त्यानंतर कंपनीचा फॅमिली डे आला, दुखानच्या क्लबच्या हॉलमध्ये. वर्ल्ड कपचं वर्ष, म्हणून प्रत्येक देशाच्या लोकांनी काहीतरी सादर करायचं फर्मान होतं. आम्हा मराठी लोकांना आणि इंडोनेशियन लोकांना मिळून एकच वेळ दिली. कँटीनमधल्या त्या दोघी आणि आणखी काही इंडोनेशियन पोरं ‘चपलेचं’ गाणं म्हणणार होती, आणि भाऊने ड्रमवर बसावं म्हणून त्यांनी सगळे उपाय करून पाहिले होते. तो "बघू" म्हणाला होता, आणि आपल्याकडे बघू म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता मराठी माणसाच्या हातात स्टेज दिलं की त्याला आधी श्रद्धांजली सुचते. आमच्या मंडळातल्या नाशिकच्या काकू, साठीच्या, मनाने लोणी, म्हणाल्या, गाणं म्हणण्याआधी गेलेल्यांना मान द्यायला नको का? तुमच्या जावयांनी इंटरनेटवरून बँडचा फोटो काढून दाराएवढा छापून आणला. खऱ्या समईला सेफ्टीवाल्याने नाही म्हटलं, म्हणून बॅटरीवर लुकलुकणारी आणली. काकूंनी दोहातल्या मल्याळी फुलवाल्याकडून मोगऱ्याचा लांबलचक हार आणला. मी मागे स्टेजची वायरिंग तपासत होते. टेस्टर खिशात घालून पुढे येते तर काय, काकूंनी अख्ख्या फोटोला हार घालून वर नमस्कारही केलेला!

"काकू! अहो, दोघंच गेलेत यातले!"

"अगंबाई!" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "मला वाटलं चौघंही. उरलेले कुठे आहेत मग?"

"एक तिकडे जावात आहे. दुसरा तो काय, दारातून येतोय."

एका हाराने काकूंनी दोन जिवंत माणसं मारली होती. त्या हार काढायला धावल्या, मग घातलेला हार असा ओरबाडून काढायचा कसा म्हणून अर्ध्यात थांबल्या. तोवर भाऊ फोटोसमोर येऊन उभाच राहिला. त्यांच्याकडे मोगरा नवरदेवाला माळतात. त्याला काही खटकलंच नाही. तो फुलांना हात लावून म्हणाला, किती छान, आमच्या लग्नातल्यासारखं. काकू रडकुंडीला आल्या. "माफ करना बेटा, बहुत बडी गलती हो गयी. हमारे यहाँ ये हार... जो लोग नहीं रहे, उनकी फोटो को..." पुढे त्यांना बोलवेना. मग मीच त्याला सगळं समजावून सांगितलं. आणि हेही सांगितलं, की जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं असं आमच्यात मानतात, तेव्हा तुम्ही दोघं आता शंभरी गाठणार.

भाऊने फुलांवरचा हात काढून घेतला. मला वाटलं, संपलं, हा आता घरी जाणार. काकू पुन्हा हाराकडे वळल्या तेव्हा त्याने त्यांचा हात धरला.

"काढू नका, आई," तो म्हणाला. काकूंना आई म्हणायला त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. "तेव्हापासून हा फोटो जिथे जिथे छापला, तिथे त्या दोघांना कापून वेगळं केलं. त्यांच्याभोवती काळी चौकट आणि आम्ही दोघं बाहेर. आज पहिल्यांदा चौघांना एकत्र काहीतरी मिळालंय."

मग त्याने फोन काढून तिथूनच गायकाला तो फोटो दाखवला. पलीकडून असा हशा आला की हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. दोघं त्यांच्या भाषेत काय बोलले मला कळलं नाही, पण दोघांच्या डोळ्यांना पाणी होतं आणि हसू थांबत नव्हतं. काकूही पदराने डोळे पुसत हसत होत्या. मी तर हुंदके देऊन रडले, अण्णा, स्टेजच्या पायऱ्यांवर बसून, आणि मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी भाऊ ड्रमवर बसला. बसण्याआधी गिटारवाल्या पोराच्या कानात काहीतरी बोलला. चपलेचं गाणं सुरू झालं, इंडोनेशियन तर सगळेच म्हणत होते. मधला तुकडा आला आणि पोराने गिटारवरचे हात काढून घेतले. सगळं गप्प. नुसता भाऊचा ठेका. हॉलमध्ये कुणीतरी मागून ओरडलं, "करंट गया क्या?" आणि दोन-तीन जणांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, कारण वायरिंग माझं. मी जागची हलले नाही. मी मोजत होते. आपल्या गावच्या रस्त्यावर ढोलवाले काका मोजायचे तसं, ओठ न हलवता. ओळ संपली आणि बरोबर त्या जागेवर सगळी वाद्यं पुन्हा आली, आणि भाऊने वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा कॉर्नेटवाल्या काकूंसारखा झाला होता.

परतताना त्याने सांगितलं, मी जातोय. उन्हाळ्यात त्याने नोकरी सोडली आणि तो बायकोला घेऊन गावी गेला. गाडी आता मी चालवते. रस्ते झाले, वळसे संपले, तासाभरात पोचायला होतं. मल्याळी अजून मागे झोपतो. शेजारची सीट मी मोकळीच ठेवली आहे. नव्या माणसाला गाडीत घ्यायला मला हरकत नाही, पण हा मोसम संपू दे म्हटलं.

आज सकाळी त्यांच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. मैदान भरलेलं. गायक जाडा झालाय. भाऊ मागे ड्रमवर, आणि पुढे उजव्या हाताला व डाव्या हाताला उजेडाचे दोन गोल, त्यात कुणी नाही. नव्या पोरांना त्यांनी मागच्या बाजूला, अंधारात उभं केलंय. गाण्याआधी गायक काहीतरी बोलतो आणि त्यात मला दोनदा ‘मराठी’ ऐकू येतं. खाली भाऊने इंग्रजीत लिहून पाठवलंय: आम्ही लोकांना सांगितलं, भारतात मराठी लोक आहेत, त्यांच्याकडे जुनी पद्धत आहे, गेलेल्या वादकाची ओळ कुणी वाजवत नाही. मग तो तुकडा येतो, सगळं थांबतं, आणि एवढं मोठं मैदान ढोलाबरोबर मोजत उभं राहतं. पहिल्या रांगेत दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींचे हात धरून बसल्या आहेत. त्यांची ओळख कुणी करून द्यायची गरज नाही.

मी व्हिडिओ लेकीला दाखवला. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते. तिने पूर्ण पाहिला आणि विचारलं, "आई, इज दॅट रिअली आवर कस्टम?"

मी हो म्हणाले.

अण्णा, आता तुम्हाला काय सांगायचं? अशी पद्धत कुठेच नाही. आपल्या गावातल्या दुसऱ्या बँडचा ट्रंपेटवाला गेला तेव्हा त्याच्या जागी चौथ्या दिवशी भाचा उभा होता, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती पद्धत तुम्ही त्या दुपारी अंगणात, ट्रंपेटवाल्याच्या छातीवर हात ठेवून, उभ्या उभ्या काढलीत. एका मोसमापुरती. पण ‘माझ्या वडिलांनी एकदा असं केलं होतं’ असं म्हटलं असतं, तर भाऊने मान डोलावली असती आणि विषय सोडला असता. एकट्या माणसाचं कोण ऐकतं? म्हणून मी तुमच्या मागे सगळी मराठी माणसं उभी केली.

हे पत्र कुठे पाठवायचं तो प्रश्नच नाही, ते या टेबलाच्या खणात जाईल. पण भाऊला तरी खरं कळवावं म्हणून मघाशी फोनवर चार ओळी लिहिल्या. पुन्हा व्हिडिओ पाहिला आणि त्या पुसून टाकल्या. तिकडे एक अख्खं मैदान, इकडे तुमची नात, आणि कँटीनमधल्या त्या पोरी. आता आमच्याकडे अशी पद्धत आहे.